गुलाबी कार्ड, पांढरं कार्ड

खोटं सांगत असेन तर दोन्ही डोळे जावोत माझे, उरलेले सात दात आजच्या आज पडोत, आणि पुढच्या जन्मी मला शेपटी फुटो. यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसू नका. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, झाली म्हातारी सुरू. आयुष्यभर थापा मारल्या मी, कबूल. डायरेक्टरसाहेबांच्या केसांच्या टोपात उंदरीण व्याली हे मीच सांगितलं, मी शीळ घातली की चाळीस उंदीर ओळीत उभे राहायचे हेही मीच सांगितलं, आणि नातीला तर मी असं पटवलं होतं की एका उंदराला सातचा पाढा येत होता, फक्त सात आठेला अडायचा. पण हे तसं नाही. हे मी मोठ्याने शपथ घेऊन सांगते, शेजारी ऐकू गेलं तरी चालेल. फक्त लेकीची शपथ घालू नका. तिच्या डोक्यावर हात ठेवून बोल म्हणालात तर मी इथूनच उठून जाईन.

सकाळचे दहा वाजले होते. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, मागे रेलता येणाऱ्या सहा खुर्च्यांची. लेक खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिच्या मनगटाच्या वर सुई लावून झाली होती, वर पांढरी पट्टी. पलीकडच्या खुर्चीतला माणूस तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला होता आणि श्वासाबरोबर पान वरखाली होत होतं. ठेंगणी नर्स एक ट्रे घेऊन आली, लेकीच्या शेजारच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आत्ताच फ्रीजमधून काढलंय, थंडगार आहे. अर्धा तास असंच राहू दे, मग लावते. आजी, हात लावू नका हं." मी म्हटलं, "मी कशाला हात लावू? मी काय लहान आहे?" ती म्हणाली, "लहान असतात ते ऐकतात." लेक हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून मलाही बरं वाटलं, आणि मी उगाच कौतुकाने त्या पिशवीकडे पाहिलं. हातभर नाही, वीतभर पिशवी. आत पाण्यासारखं पाणी. वर चिकटपट्टी, त्यावर लेकीचं नाव, तिची जन्मतारीख, आणि खाली एक आकडा. ४१७. छापील होता, पण मला तो माझ्या अक्षरात दिसला. साताची शेपटी मी नेहमी जरा लांब ओढते, तशी ओढलेली.

आता माणसाला घाबरायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल क्षणभर. माझं तसं नाही. माझ्या आधी पोटाला कळतं, मग तळपायांना, आणि डोकं सगळ्यात शेवटी येतं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, काय झालं काय झालं करत. तळपाय गार पडले आणि मला वास आला. त्या खोलीत तो वास असणं शक्यच नव्हतं. ओल्या भुशाचा, उंदरांच्या मुताचा, नाकात टोचणारा वास. सव्वीस वर्षं मी तो वास केसांतून घरी आणला. लेक लहान असताना म्हणायची, आई, तू आधी आंघोळ कर, मग जवळ घे. मोठ्या लॅबच्या तळघरात उंदरांचं घर होतं आणि मी त्यांची आया होते. आया म्हणजे आयाच. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, खाणं टाकायचं, कोण आजारी, कोण गाभण, कोणाची कोणाशी मारामारी, सगळं वहीत लिहायचं. भिंतभर मांडण्या, मांडणीवर पारदर्शक पिंजरे, प्रत्येकात चार उंदीर, काळेभोर, सगळे एका साच्यातून काढलेले. कानाला खाच मारलेली असायची, पण ती फक्त पहिला, दुसरा, तिसरा, चौथा एवढंच सांगणारी. प्रत्येक पिंजऱ्यात एक पहिला आणि एक चौथा. कोण कुठल्या घराण्यातला ते सांगायचं एकट्या कार्डाने. पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला खोबण असते, त्यात कार्ड. कार्ड काढलं की उंदराला ना जात ना गोत. आणि त्या शेवटच्या वर्षी, मी निवृत्त व्हायच्या आधी, एका अख्ख्या मांडणीच्या कार्डांवर मी माझ्या हाताने लिहिलं होतं, ४१७.

"आई, काय झालं? तोंड का असं केलंस?" लेक म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, खुर्ची टोचते." ती म्हणाली, "तुझी खुर्ची गादीची आहे." मग तिने डोळे मिटले. तिचा हात तसाच खुर्चीच्या दांड्यावर पडलेला. बोटांची पेरं सुजून गुळगुळीत झालेली, चकाकणारी. ही माझी लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काचेची कड घासून फ्रेममध्ये बसवायची, तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून फिरवायची. गिऱ्हाईकं तिच्याच टेबलापुढे रांग लावायची, इतकी हलकी बोटं. दोन वर्षं झाली, स्क्रू सोडा, तिला कप धरता येत नाही. तिच्याच रक्तातल्या पहारेकरी पेशी तिच्याच सांध्यांना चोर समजून झोडपतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळी औषधं करून झाली. मग हे नवीन औषध, माणसांवर पहिल्यांदाच बघतायत, वीस पानांचे कागद, त्यावर तिने अंगठ्याने पेन दाबून सही केली. नंबर लागायला दीड वर्ष गेलं. घरी आम्ही त्याला नुसतं 'नवीन औषध' म्हणायचो. वीस पानांत कुठेतरी आकडा असेलच. मी वाचली नाहीत. चष्मेवालीची आई आणि अक्षरं बारीक म्हणून वाचली नाहीत.

पिशवीवर बारीक बारीक थेंब धरायला लागले होते. गार भांड्यावर धरतात तसे. ते बघता बघता मला आठवलं, आणि आठवायला नको होतं.

पण आधी ते बेलचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. प्रयोग करणाऱ्या मॅडम ताडमाड उंच होत्या, आम्ही त्यांना लंबू म्हणायचो, तोंडावर मॅडम. मनाच्या चांगल्या. मी एकदा विचारलं, मॅडम, हे काळे उंदीर आणि ते काळे उंदीर, मग यांना पांढरं कार्ड आणि त्यांना गुलाबी का? त्यांनी हातमोजे काढले आणि मला नीट सांगितलं. म्हणाल्या, पेशी म्हणजे घर समजा. घराच्या दाराला बेल असते. बाहेरून कोणी आलं की बेल दाबतं आणि आतल्यांना कळतं, उठायचं की झोपायचं. माणसाच्या पहारेकरी पेशींना बेल असते आणि उंदराच्याही असते, पण जागा वेगळी, घडण वेगळी. आपलं औषध माणसाची बेल बघून बनवलंय. ते उंदराच्या दारात गेलं तर नुसती भिंत दाबत उभं राहतं. मी म्हटलं, मग उंदराला द्यायचं कशाला? त्या म्हणाल्या, म्हणूनच तर गुलाबी कार्डवाले. या उंदरांच्या दारावर आपण माणसाची बेल बसवली आहे. दिसायला उंदीर, पण दारावर बेल आपली. वाफवाला म्हणाला, "म्हणजे माणसाळलेले!" वाफवाला म्हणजे पिंजरे मोठ्या यंत्रात वाफेवर शिजवून शुद्ध करणारा आमचा गडी, पोट पुढे, जीभ त्याच्याही पुढे. तेव्हापासून गुलाबी कार्डवाले ते माणसाळलेले. मग मी विचारलं, आणि बेल फार जोरात दाबली तर? मॅडमनी हातमोजे पुन्हा चढवले. मग म्हणाल्या, "तर मावशी, घरातले सगळे काठ्या घेऊन उठतात. बाहेर चोर नसतोच. मग ते घरच फोडतात."

हे एवढं मला त्या खुर्चीत बसून शब्दन् शब्द आठवलं. घरच फोडतात.

आणि मग तो दिवस. एका पिंजऱ्याची पाण्याची बाटली गळली. नळीच्या टोकाला गोळी असते, ती अडकली की सगळं पाणी आत. सकाळी दार उघडलं तर भुशाचा चिखल झालेला आणि कोपऱ्यात चार जण एकमेकांच्या अंगावर चढून उभे, केस चिकटून अर्धे झालेले, आणि थरथर अशी की पिंजरा हातात घेतल्यावर माझ्या मनगटाला कळत होती. मी तो पिंजरा टेबलावर घेतला. शेजारच्या पिंजऱ्याचा भुसा बदलायचाच होता म्हणून तोही घेतला. एक पिंजरा माणसाळलेल्यांचा आणि एक साध्यांचा, दोघांनाही दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठा डोस द्यायचा होता, साध्यांना तुलनेपुरता. ओल्यांना कागदाने पुसलं, नव्या पिंजऱ्यात घातलं. कोरड्यांना दुसऱ्या नव्या पिंजऱ्यात घातलं. दोन्ही कार्डं काढून हातात घेतली, एका हातात गुलाबी, एका हातात पांढरं. आणि तेवढ्यात वाफवाला आला, आणि मी... मी त्याला गोष्ट सांगायला लागले. कुठली ते विचारा. डायरेक्टरसाहेब पाहणीला आले तेव्हा एका उंदराने त्यांना सलाम ठोकला ही. एक कार्ड म्हणजे साहेब, एक कार्ड म्हणजे उंदीर. साहेब इकडून आले, उंदीर तिकडून उठला, सलाम, साहेबांचा सलाम, पुन्हा उंदराचा सलाम. हातांची अदलाबदल, फुल्या, फिरक्या. वाफवाला पोट धरून हसत होता. मला कोणी हसलं की भान राहत नाही, हा माझा जन्माचा रोग. मग मी दोन्ही कार्डं दोन्ही खोबणींत सरकवली आणि पिंजरे मांडणीवर ठेवले. ठेवताना हात जरासा अडखळला. मी म्हटलं, "बरोबर लागली ना रे?" वाफवाला म्हणाला, "अहो मावशी, उंदीर काय कार्ड वाचतात?"

तीन दिवसांनी पांढरं कार्ड लावलेले चौघे आजारी पडले. पाठीला कुबड काढून बसले, केस उभे, डोळे चिमुकले. दोन दिवसांत चारही गेले. गुलाबी कार्डवाले ठणठणीत, खात होते, भांडत होते. मॅडमनी वही पाहिली, मी लिहिलेलं वाचलं की पांढऱ्या कार्डाचा पिंजरा भिजला होता. कार्डावर बघूनच लिहिलं होतं मी ते, नंतर. त्या म्हणाल्या, "साध्यांची बेल वाजणंच शक्य नाही. गारठ्याने गेले बिचारे. हा पिंजरा हिशेबात धरू नका." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे खरंच वाजवल्या नाहीत, पण तसं वाटलं, कारण माणसाळलेल्यांना सगळ्यात मोठा डोस पचला होता.

आता नीट बघा. कार्डं बरोबर लागली असतील, तर भिजलेले साधे उंदीर गारठून मेले आणि औषध चांगलं आहे. कार्डं चुकली असतील, तर भिजलेलेच माणसाळलेले होते, ते औषधाने मेले, आणि जे ठणठणीत राहिले त्यांच्या दारावर बेलच नव्हती. दोन्ही गोष्टी चपखल बसतात. मी त्या खोलीत बसून दोन्ही घालून बघितल्या, एक काढून दुसरी, दुसरी काढून पहिली, दोन्ही अंगाला बरोबर.

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं तुमच्या तोंडावर आलंय. बोलले ना! बोलले, तेच तर. पण कसं बोलले? निवृत्त झाल्यावर पुतणीच्या लग्नात, जेवणं झाल्यावर, पंचवीस-तीस माणसं भोवती बसलेली, मी सांगितलं की मी दोन उंदरांच्या घराण्यांची कार्डं बदलली आणि इकडचे नवरे तिकडच्या बायकांकडे गेले आणि शास्त्रज्ञांना वेड लागायची पाळी आली. मॅडमचा चेहरा करून दाखवला. माणसं लोळली हसून. त्यानंतर ती गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. दर वेळी एक उंदीर वाढला, एक नवरा वाढला. आणि आता, लेकीच्या शेजारी बसून, मी त्या टेबलावरच्या माझ्या हातांकडे बघत होते, म्हणजे आठवणीतल्या, आणि मला कळेना की कार्डं बदलताना दिसतात ते टेबलावरचे हात आहेत की लग्नातले. टेबलावर माझ्या हातात निळे मोजे होते. मला जे हात दिसत होते त्यांना मोजे नव्हते, बांगड्या होत्या. मग मी त्यांना मोजे घालून बघितले. घातले की ते गुलाबी कार्ड डाव्या खोबणीत सरकवायचे. मग पुन्हा बघितलं, तर उजव्या. मी स्वतःला म्हटलं, अगं, खरं काय ते आठव. आणि आतून माझाच आवाज आला, कुठलं सांगू?

अशी भीती मी कधी पाहिली नव्हती. मला चोराची भीती माहिती आहे, मरणाची माहिती आहे, रिकाम्या घराची तर चांगलीच. पण आपल्याच डोक्यात हात घालावा आणि तिथे आपणच ठेवलेली खोटी वस्तू हाताला लागावी, आणि खरी कुठे ठेवली ते आठवू नये, ही वेगळी. थेंब आता एकमेकांत मिसळून पिशवीवरून ओघळायला लागले होते. ट्रेमध्ये ओल झाली होती. भिंतीतला फ्रीज घुमत होता, आमच्या मांडण्यांत हवा खेळवणारा पंखा घुमायचा तसाच, एका सुरात. वर्तमानपत्राखालचा माणूस श्वास घेत होता. मी त्याच्याकडेही बघितलं. त्याच्या टेबलावर पिशवी नव्हती, त्याची वेळ लेकीनंतर होती.

मी लेकीला हलवलं. म्हटलं, "ऐक. हे औषध मला माहिती आहे. हे आमच्याकडचं आहे." ती म्हणाली, "अरे वा. मग ओळखीचं निघालं." मी म्हटलं, "चेष्टा नको. त्या वेळी पिंजऱ्यांची कार्डं..." तिने डोळे उघडले. "आई, परत उंदीर?" "अगं ऐकून तरी घे." "ती कार्डांची ना? नवरे इकडचे तिकडे? आई, ती तुझी लग्नातली गोष्ट आहे. मी दहा वेळा ऐकलीय. तू ती माझ्या सासूबाईंनाही सांगितलीस, त्या तीन दिवस हसत होत्या." मी म्हटलं, "नवरे खोटे होते. कार्डं खरी असतील." "असतील?" ती म्हणाली. आणि तो एकच शब्द तिने माझ्यापुढे परत ठेवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, दीड वर्ष थांबलेय मी. आज उठले तर नंबर गेला. मला सकाळी केस विंचरता येत नाहीत. तू विंचरतेस. तू किती दिवस विंचरणार आहेस?" मी म्हटलं, "मरेपर्यंत." "तेच तर," ती म्हणाली. "पुढे?"

काय सांगणार होते मी? तिच्या आधी दहा जणांना हे औषध दिलं होतं, थोडं थोडं, आणि त्यांना काही झालं नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं, मला धीर द्यायला. मग म्हणाली, "आता आमच्यापासून पुरेसा डोस. मोठा. त्यानेच फरक पडणार आहे." मोठा हा शब्द तिने असा काही म्हटला, जसं लहान मूल मोठा तुकडा म्हणतं. आणि मला पाठीला कुबड काढून बसलेले चौघे दिसले, चिमुकले डोळे. तेवढं मात्र खरं दिसलं, त्याला बांगड्या नव्हत्या.

गप्प बसावं का? बसले असते तर काय झालं असतं, बहुतेक काहीच नाही. बहुतेक ती बरी झाली असती, पुन्हा दुकानात गेली असती, आणि मी पुढच्या लग्नात ही गोष्ट सांगितली असती. बोलावं का? बोलले तर बहुतेक मी तिच्या हातातला शेवटचा घास काढून घेणार, आणि तोही एका थापेसाठी. दोन्हीकडे बहुतेक. सव्वीस वर्षं मी वहीत एकदाही बहुतेक लिहिलं नव्हतं. लिहू द्यायचे नाहीत.

नर्स आली. पिशवीला हाताच्या पाठीने शिवून बघितलं, बाळाचं दूध बघतात तसं. "झालं की," म्हणाली, आणि पिशवी खांबाला टांगली. नळी सोडवायला लागली. आणि मी उठले. उठताना गुडघा वाजला. मी त्या नळीवर हात ठेवला, माझ्या संबंध पंजाने, आणि म्हटलं, "डॉक्टरला बोलवा." "आजी, हात काढा." "डॉक्टरला बोलवा आधी." "आई!" लेक ओरडली. वर्तमानपत्र खाली आलं. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि तिचा बडबडा चेहरा एकदम शांत झाला. तिला वाटलं असणार म्हातारीला भ्रम झालाय. पण तिने नळीचा चाप बंद केला आणि गेली. तेवढ्या वेळात लेक खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिला हात उचलता येत नव्हता, एकाला सुई, दुसरा तसाच. मी पुसायला गेले तर तिने मान वळवली.

डॉक्टरबाई माझ्या लेकीहून लहान, केस घट्ट बांधलेले, हातात कागद. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. उभ्या राहिल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "बोला आजी." मी बोलले. बेल, बाटली, कार्डं, कुबड. सलामाची गोष्टसुद्धा सांगितली, कारण ती नसती तर कार्डं कशी बदलतील? त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. लेक मात्र म्हणाली, "डॉक्टर, आईला गोष्टी सांगायची सवय आहे. हीच गोष्ट ती पाच वर्षं सांगतेय, हसवायला." डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, हे खरं?" मी म्हटलं, "सांगते ते खरं. हसवायला सांगते तेही खरं." मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "आजी, नीट ऐका. तो सगळ्यात वरचा डोस तेव्हा एकदाच दिला गेला होता. तुम्ही सांगताय ते खरं असेल तर मला आज सगळ्या सहा जणांचं थांबवावं लागेल. वर कळवावं लागेल. आणि खरं नसेल, तर तुमच्या मुलीची जागा जाईल, आणि तिच्यासारख्या अजून पाच जणांची. म्हणून विचारते. कार्डं बदलली गेली, हे तुम्हाला नक्की आठवतं? की तसं वाटतं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि ती कशाची होती ते मला कळेना, आई हो म्हण की आई नाही म्हण. आणि तेव्हा मला तो आठवला. वाकड्या शेपटीचा. शेपटीचं टोक मोडून कोन झालेला, जन्मापासूनचा, सगळ्या मांडणीत असा एकच. मी म्हटलं, "नक्की. गुलाबी कार्डाच्या पिंजऱ्यात एक वाकड्या शेपटीचा होता. आठवडाभर आधी मी त्याला बघितलं होतं, गुलाबी कार्डाखाली. आणि मेलेले चौघे मी पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्यातून काढले, त्यात तो होता. वाकडी शेपटी माझ्या चिमट्यात होती, डॉक्टर." डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्या उठल्या. नर्सला म्हणाल्या, "काढा ते. सगळ्यांचं." आणि बोलत बोलत, फोन कानाला लावून, बाहेर गेल्या.

याला तीन आठवडे झाले. सगळ्यांचं औषध थांबवलंय. लेक माझ्याकडेच राहते, कारण तिला एकटीला जमत नाही. गेल्या आठवड्यापासून गुडघेही धरलेत. मी तिचे केस विंचरते, ती आरशात बघत नाही. आमचं बोलणं म्हणजे चहा घेतेस का, घेते. नात फोन करते आणि विचारते, आजी, त्या उंदराला पाढा येत होता का? मी म्हणते, नाही गं. काल डॉक्टरबाईंचा फोन आला होता. मेलेल्या त्या चौघांचे तुकडे तेव्हा जपून ठेवले होते, एवढी वर्षं बर्फात होते, ते सापडलेत. त्यांच्या पेशींवर माणसाची बेल आहे का नाही ते बघणार आहेत. सोमवारी कळेल. बेल असली तर मी लेकीचा जीव वाचवला. नसली तर मी काय केलं, ते मी अजून मोठ्याने म्हटलेलं नाही. फोन ठेवल्यावर लेक पहिल्यांदाच मला नीट हाक मारून म्हणाली, "आई. ती शेपटी खरंच वाकडी होती ना?" मी म्हटलं, "होती गं बाई." तिने मान हलवली आणि डोळे मिटले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत मी संध्याकाळ होईपर्यंत हलले नाही.

आता एवढी मोठ्याने शपथ घेऊन बसलेय तर तुम्हाला, फक्त तुम्हाला, एक सांगून टाकते. बाकी सगळं आहे तसं आहे. बाटली गळली, चौघे मेले, हात अडखळला, हे खरं. पण वाकड्या शेपटीचा उंदीर नव्हता. चौघांच्याही शेपट्या सरळ होत्या. डॉक्टरबाईंनी 'नक्की?' म्हणून विचारलं आणि लेकीने माझ्याकडे बघितलं, त्या दोहोंच्या मध्ये तो जन्मला, माझ्या तोंडात, शेपटीसकट.